शून्य पूर्णांक शून्य शून्य

आमच्या गल्ल्याच्या मशीनवर एक हिरवं बटण आहे,
वरचं अक्षर झिजून गेलेलं.
ते दाबलं की राज्य आपला हात मागे घेतं.
दाबण्याआधी चिठ्ठी बघायची, डॉक्टरची सही बघायची,
तारीख बघायची,
आणि मग माणसाकडे.
बावीस वर्षं मी हेच करतेय,
होलब मेडिकल सप्लायमध्ये, धान्याच्या उंच कोठ्यांसमोर,
जिथे नोव्हेंबर ते एप्रिल
वारा दार स्वतःच उघडतो, आणि लावत नाही.

काउंटरखाली राज्याची पुस्तिका. पान बारा मला पाठ आहे.
जे गेलेल्या अवयवाची जागा घेतं, ते माफ.
जे दुखऱ्या अवयवाला नुसता धीर देतं,
त्याचं बघावं लागेल.

वेंडेल स्कार्डा येतो.
उजवा हात मका चढवणाऱ्या ऑगरमध्ये गेला,
त्याला झाली सहा वर्षं.
नवा हात शहरातून बसवून आणलाय, रबराची बोटं,
नखांवर पांढऱ्या चंद्रकोरीसुद्धा.
करावर कर नाही, इतकं साधं.
पण वेंडेलला हवेत हातमोजे, आणि ते जोडीने येतात.
उजवा खोट्या हाताचा, चिठ्ठीवर लिहिलेला, म्हणून माफ.
डावा खऱ्या हाताचा, त्यावर साडेपाच टक्के.
मी जोडी मोडते, बिलात दोन ओळी करते.
तो म्हणतो, डार्ला,
खरा हात ठेवणं महागात पडतंय बघ.
आणि हसतो. मिशीवर मक्याचा कोंडा.

अगाथा रूझेकला न्हाणीघरात धरायला दांडी हवी होती.
कुठे बसवणार? मला विचारावंच लागतं.
भिंतीला स्क्रू लागला की ती घराची झाली, कर द्या.
टबात नुसती उभी राहणारी खुर्ची शरीराची, माफ.
म्हातारीने दोन्हींना हात लावून पाहिला.
मग खुर्चीच दे, म्हणाली,
मी कुठे भिंतीइतकी टिकणार आहे.

फेब्रुवारीत राजधानीतून एक पोरगा आला तपासणीला,
नवाकोरा टाय, बुटांवर रस्त्यातलं मीठ.
तीन वर्षांच्या पावत्या त्याने पत्त्यांसारख्या पसरल्या.
अकरा मार्चचा वॉकर, म्हणाला. चौऱ्याऐंशी डॉलर.
चिठ्ठी दिसत नाही.
नाहीच आहे.
अकरा मार्चला रस्ते बंद होते, दवाखाना बंद होता,
आणि मर्विन कुबिचेक बायकोला
पोरांच्या बर्फगाडीवर बसवून
दोरीने ओढत घेऊन आला होता, आठ चौक.
हे कुठल्या रकान्यात लिहू, मी विचारलं.
त्याने पेनाचं टोपण काढलं, घातलं, काढलं.
चार डॉलर बासष्ट सेंट, तो म्हणाला,
हळू, जणू आत कुणी झोपलंय.
मी पर्समधून दिले. त्याने त्याचीही पावती दिली.

मला नियमाचा राग नाही.
कुणालातरी कधीतरी वाटलं असेल,
पांगळ्याकडून घेऊ नये.
फक्त पांगळा म्हणजे कोण, हे ठरवता ठरवता
संध्याकाळ झाली असेल.

काल रूझेकची मुलगी आली, तीच खुर्ची घेऊन.
पाय घासून पुसलेले. तरी एका रबरी बुचाला
साबणाचा वाळका फेस.
वापरलेली वस्तू परत घेता येत नाही, मी सांगितलं.
हे वाक्य मी बाईंच्या डोळ्यांत बघून म्हणायला
अजून शिकलेले नाही.
निदान कर तरी परत मिळेल? तिने विचारलं.
मी जुनी पावती काढली, बोट ठेवून दाखवली.
कर: शून्य पूर्णांक शून्य शून्य.
ती बराच वेळ त्या दोन शून्यांकडे बघत राहिली.
म्हणजे घेतलाच नव्हता, म्हणाली.
नाही.
मग परत काय देणार.

पावती तिने घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.
पिकअपच्या मागच्या फळीत खुर्ची सरळ उभी केली, बांधली नाही.
गाडी सिग्नलला थांबली तेव्हा मला दिसली,
बसायच्या जागेवर बर्फ साठायला लागला होता.